क्लोरीन जिथे लागतो तिथेच व्हावा

विदर्भाच्या औद्योगिक अनुशेषावर बोलणे निघाले, की एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा ऐकू येतो. वीज आमच्याकडे तयार होते, कोळसा आमचा जळतो, राख आमच्या शेतांवर बसते. मग विजेवर जगणारे उद्योग गुजरातच्या किनाऱ्यावर का? या युक्तिवादात आता मिठाच्या पाण्याच्या विद्युत अपघटनाचीही, म्हणजे वीज सोडून त्याचे घटक वेगळे करण्याचीही, भर पडलेली दिसते. कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन ही दोन्ही रसायने मीठ, पाणी आणि वीज एवढ्याच सामग्रीवर होतात. त्यांतली वीज आपली, आणि पूर्णेच्या खोऱ्यात तर जमिनीखालचे पाणीच खारट. तेव्हा एमआयडीसीच्या ओस पडलेल्या भूखंडांवर असा एखादा मोठा कारखाना का उभा राहू नये, असे तालुक्याच्या ठिकाणची जाणती मंडळीही विचारतात. प्रश्न खुळा नाही, पण तो उलट्या टोकाने विचारला जातो आहे. वीज कुठे आहे आणि मीठ कुठे आहे हे या उद्योगात नंतरचे. निघालेला क्लोरीन रोजच्या रोज कुठे खपणार, हे आधीचे. हा निकष लावला तर विदर्भाला मोठा कॉस्टिक-क्लोरीन कारखाना परवडणारा नाही, आणि पिण्याच्या पाण्याच्या निर्जंतुकीकरणासाठी याच प्रक्रियेची तालुक्यागणिक छोटी केंद्रे मात्र तातडीने हवीत, असे माझे मत आहे.

प्रक्रिया मुळात इतकी साधी आहे, की ती कुठल्याही शाळेत दाखवता येते. काचेच्या पेल्यात मिठाचे पाणी, त्यात पेन्सिलीची दोन शिसे आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढे पुरते. ऋणाग्रापाशी हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटू लागतात, धनाग्रापाशी नाकाला झोंबणारा क्लोरीनचा वास येतो, आणि फिनॉल्फ्थॅलिनचा एक थेंब टाकला की ऋणाग्राभोवती गुलाबी ढग उमटतो, कारण तिथे कॉस्टिक सोडा तयार झालेला असतो. रसायनशास्त्र शिकवताना हा प्रयोग मी मुलांकडून करून घेत असे, आणि कुणीतरी हमखास विचारी, की सर, पेल्याऐवजी टाके घेतले तर? टाके घेऊन काही होत नाही, हे या विषयातले पहिले सत्य आहे. मायकेल फॅरडेने १८३०च्या दशकात दाखवून दिले, की किती पदार्थ निघणार हे वाहून गेलेल्या विद्युतभारावर ठरते. द्रावण किती आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. एक हजार अँपिअरचा प्रवाह एक तास वाहिला, तर जास्तीत जास्त दीड किलोच्या आसपास कॉस्टिक सोडा मिळतो, आणि त्या प्रवाहाला वाहण्यासाठी धातूचा पृष्ठभाग लागतो. आजच्या चांगल्या कारखान्यात एका सेलचे, म्हणजे अपघटनाच्या एका खणाचे, क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटरच्या घरात असते आणि त्यातून सुमारे सोळा हजार अँपिअर जातात. असा एक सेल दिवसाला साडेपाचशे किलोच्या आसपास कॉस्टिक देतो. दिवसाला शंभर टन हवे असेल, तर असे सुमारे १८० सेल एकामागोमाग लावावे लागतात. उत्पादन वाढवायचे म्हणजे सेल मोठा करायचा नाही, सेलांची संख्या वाढवायची.

यातून निघणारा निष्कर्ष फारसा कुणी काढत नाही. साखर कारखान्याचा बॉयलर किंवा सिमेंटची भट्टी मोठी केली, की दर टनामागे उष्णता वाचते. विद्युत अपघटनात तसे काही वाचत नाही. एकशे ऐंशीवा सेल पहिल्या सेलइतकीच वीज खातो. मग हे कारखाने इतके मोठे का असतात? सेलच्या अवतीभोवती जे लागते ते मोठ्या प्रमाणावरच परवडते म्हणून: मिठाचे द्रावण शुद्ध करण्याची यंत्रणा, प्रत्यावर्ती प्रवाहाचा एकदिश प्रवाह करणारे रेक्टिफायर, क्लोरीन सुकवण्याची, दाबून द्रवरूप करण्याची आणि गळालाच तर शोषून घेण्याची व्यवस्था. भव्यपणा या सगळ्या लवाजम्याला हवा असतो. हा लवाजमा जिथे लागत नाही, तिथे लहान केंद्र हे मोठ्याचे दुबळे रूप ठरत नाही, हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

खारपाणपट्ट्याच्या पाण्याबद्दलची आशा मात्र आधीच मोडून काढलेली बरी. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा पसरला आहे. तिथल्या विहिरीचे पाणी पिकाला देता येत नाही, पिणे तर दूरच. त्यामुळे हे शापित पाणी कुणाच्या तरी कामी यावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पूर्वी या खोऱ्यात खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले जाई, इंग्रजी अमलात ते बंद पडले. लोणारच्या सरोवरातूनही क्षार काढले जात. हा इतिहास सांगून लोक म्हणतात, की मीठ होते तर कॉस्टिक का होणार नाही? उत्तर प्रमाणात आहे. कारखान्याच्या सेलला दर लिटरला सुमारे ३०० ग्रॅम मीठ असलेले, म्हणजे जवळजवळ संपृक्त द्रावण लागते. समुद्राच्या पाण्यातसुद्धा सगळे क्षार मिळून लिटरला ३५ ग्रॅमच असतात, आणि खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात बहुतेक ठिकाणी काही ग्रॅम. पाच ग्रॅमचे पाणी तीनशेवर न्यायचे, तर साठ लिटरांचे एक लिटर होईपर्यंत आटवावे लागेल. न आटवता तसेच वापरले, तर धनाग्रावर क्लोरीनऐवजी मोठ्या प्रमाणात ऑक्सिजन निघू लागतो, कारण पातळ द्रावणात पाण्याचेच विघटन पुढे सरकते आणि वीज वाया जाते.

शिवाय त्या पाण्यात नुसते मीठ नसते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे आधुनिक सेलचे खरे वैरी आहेत. धनाग्र आणि ऋणाग्र यांच्यामध्ये जे पातळ पटल ताणलेले असते, ते सोडियमला पलीकडे जाऊ देते आणि क्लोराइडला अडवते. त्या पटलात कॅल्शियमचे कण अडकले, की ते आतून चुनखडत जाते आणि महागडे पटल अकाली बदलावे लागते. म्हणून सेलमध्ये जाणाऱ्या द्रावणात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून अब्जात वीस भागांच्या वर असू नयेत, असा दंडक पाळला जातो. ज्या गावात चहाच्या भांड्याच्या तळाशी महिन्याभरात पांढरा थर बसतो, तिथल्या विहिरीचे पाणी या कसोटीला आणणे हा उद्योग नव्हे, शिक्षा आहे. या पाण्याच्या अपघटनाने ते गोडे होईल अशीही एक समजूत आढळते. तीही निराधार आहे. अपघटनाने पाण्यातले क्षार कमी होत नाहीत, त्यांचे रूप तेवढे बदलते. राहिले लोणार. ते २०२० पासून रामसर यादीतले पाणथळ स्थळ आहे आणि त्याला हात न लावणेच शहाणपणाचे.

तेव्हा मीठ गुजरातमधूनच आणावे लागेल. देशातले बहुतांश मीठ तिथेच पिकते. शंभर टन कॉस्टिकसाठी रोज दीडशे टन मीठ लागते, ते आठशे-हजार किलोमीटरवरून आणायचे. हे अशक्य नाही. मध्य प्रदेशातले नागदा आणि उत्तर प्रदेशातले रेणुकूट ही दोन्ही ठिकाणे समुद्रापासून कितीतरी दूर आहेत आणि तिथे कॉस्टिकचे कारखाने वर्षानुवर्षे चालले. पण ते का चालले हे पाहिले पाहिजे. नागद्याला शेजारीच कृत्रिम धाग्याचा कारखाना होता आणि त्याला कॉस्टिक हवाच होता. रेणुकूटला वीज शेजारी होती. आपल्याकडेही वीज शेजारी आहे, असे यावर म्हटले जाईल. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे, कोराडी आणि खापरखेडा आहेत, तिरोड्याला खाजगी केंद्र आहे. शंभर टनी कारखान्याला रात्रंदिवस सतत फक्त दहा मेगावॉटच्या आसपास वीज लागेल. परंतु केंद्र कुंपणाला लागून असले म्हणून कारखान्याचे बिल कमी येत नाही. औद्योगिक दर राज्य पातळीवर ठरतात आणि केंद्र जवळ आहे म्हणून चंद्रपूरच्या उद्योजकाला वेगळा मूळ दर मिळत नाही. जोपर्यंत ते धोरण बदलत नाही, तोपर्यंत ‘वीज आमची’ ही भावना आहे, हिशेब नाही. विजेच्या दराची लढाई लढण्यासारखी आहे, पण ती स्वतंत्र लढाई आहे.

आता मुख्य अडचणीकडे. विद्युत अपघटनात कॉस्टिक आणि क्लोरीन एकमेकांना बांधलेले असतात: एक टन कॉस्टिकबरोबर ८८६ किलो क्लोरीन आणि २५ किलो हायड्रोजन निघणारच. एक हवे आणि दुसरे नको, असे म्हणण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. कॉस्टिक सोड्याचे काही अडत नाही. तो द्रवरूपात टँकरने जातो, टाकीत महिनोन्‌महिने राहतो आणि बल्लारपूरच्या कागद गिरणीपासून बुटीबोरी आणि नांदगाव पेठच्या कापड प्रक्रिया उद्योगांपर्यंत त्याला थोडेफार गिऱ्हाईकही मिळेल. क्लोरीनचे तसे नाही. रोजचे ८८ टन क्लोरीन म्हणजे रोज ठेवायला आणि हलवायला नको असलेला, हवेपेक्षा अडीचपट जड असा विषारी वायू. तो न खपला तर सेल थांबवावे लागतात, म्हणजे कॉस्टिकही थांबतो. या उद्योगाचा वेग नेहमी क्लोरीनचा ग्राहकच ठरवतो.

आणि हा ग्राहक विदर्भात नाही. जगात क्लोरीनचा सर्वांत मोठा एकच उपयोग पीव्हीसीसाठी होतो. त्या प्लास्टिकच्या वजनात ५७ टक्के वाटा क्लोरीनचा असतो. वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागांत जमिनीखालून जे पाइप गेले आहेत, त्यांचे निम्म्याहून अधिक वजन क्लोरीनचे आहे, आणि तो सगळा बाहेरून आलेला आहे. मग पीव्हीसीही इथेच करावे, असे कुणी म्हणेल. पण त्याचा उरलेला भाग इथिलीनमधून येतो, इथिलीन खनिज तेलातून किंवा नैसर्गिक वायूतून, आणि ते शुद्धीकरण कारखाने किनाऱ्यालगत आहेत. क्लोरीन गुजरातच्या किनाऱ्यावर तयार होतो तो कुणी विदर्भावर डाव साधला म्हणून नव्हे. तिथे मीठ आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्लोरीनला रोज गिळणारे उद्योग भिंतीपलीकडे आहेत, म्हणून. ही साखळी नसताना अर्धाच कारखाना इथे उभारला, तर रोजचा क्लोरीन सिलिंडरांत आणि टँकरांत भरून आपल्याच रस्त्यांवरून, आपल्याच गावांच्या वेशींवरून बाहेर न्यावा लागेल.

क्लोरीनची वाहतूक कशी बिघडते, याची उदाहरणे शोधायला लांब जायला नको. २०१० च्या जुलैत मुंबईत शिवडीजवळ बंदराच्या आवारात बेवारस पडून गंजलेल्या सिलिंडरांतून क्लोरीन गळाला आणि शंभरावर माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. २०२२ च्या जूनमध्ये जॉर्डनच्या अकाबा बंदरात जहाजावर चढवताना क्लोरीनची एकच टाकी दोर तुटून पडली आणि तेरा जण मेले. ही दोन्ही बंदरे होती, जिथे अग्निशमन दल आणि रुग्णालये हाताशी असतात. क्लोरीन जड असल्यामुळे सखल जागी साठतो; आपल्याकडे सखल जागी नाला असतो, नाल्याकाठी वस्ती असते आणि सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय तीस-चाळीस किलोमीटरवर असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा अंकलेश्वर पहिले, वापी दुसरे आणि चंद्रपूर चौथे आले होते. ज्या गुजराती पट्ट्याचे स्वप्न आपल्याला दाखवले जाते त्याची दोन नावे त्या यादीत आपल्याही वर होती, हे स्वप्न पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

रोजगाराचा मुद्दा मी थोडक्यात आटोपतो. कॉस्टिक-क्लोरीनचा कारखाना यंत्रांचा, तारांचा आणि मोजक्या प्रशिक्षित माणसांचा असतो. गुंतवणुकीच्या मानाने त्यात हाताला मिळणारे काम फार थोडे. सूतगिरणीची किंवा संत्रा प्रक्रियेची तुलना त्याच्याशी होऊच शकत नाही.

मग विदर्भात क्लोरीन लागतच नाही का? लागतो, रोज लागतो, प्रत्येक गावात लागतो, आणि नेमका तोच वेळेवर व धड मिळत नाही. पिण्याच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण हा तो उपयोग. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोपऱ्यात, पत्र्याखाली, सुतळीने तोंड बांधलेले टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचे पोते बहुतेकांनी पाहिले असेल. पाणीपुरवठा पाहणारा कर्मचारी त्यातून डबाभर पावडर बादलीत घेतो, काठीने ढवळतो, चुना खाली बसला की निवळी टाकीत ओततो. घाई असली तर चुन्यासकट ओततो. ही पावडर म्हणजे चुन्यात जिरवलेला क्लोरीनच. नवी असताना तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास उपयुक्त क्लोरीन असतो. तो २० टक्क्यांच्या खाली गेला की आरोग्य यंत्रणा ती वापरायोग्य मानत नाही. ऊन, दमटपणा आणि उघडे तोंड या तिन्हींनी तिचा जोर जातो, आणि अकोला किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे असताना पत्र्याखालच्या खोलीत काय होत असेल हे सांगायला नको. कर्मचारी मात्र जून महिन्यातही तोच डबा भरून टाकतो. “पावडर त टाकली जी, पन तिले वासच नाई येत,” असे एका गावी टाकीखाली उभ्या असलेल्या माणसाने मला सांगितले, आणि रोगनिदान म्हणून ते अगदी अचूक होते. पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का हे दाखवणाऱ्या ओटी चाचणीच्या नळीत पाणी पिवळे होत नाही, मग स्रोताच्या सर्वेक्षणात गावाला लाल कार्ड मिळते, ग्रामसेवकाला नोटीस जाते आणि नवे पोते येते. हे चक्र ठरलेले आहे. जिचा जोर दर आठवड्याला बदलतो अशी वस्तू डब्याने मोजून टाकायची, हीच पद्धत मुळात सदोष आहे. त्यात कर्मचाऱ्याच्या आळसाचा वाटा लोक समजतात त्याहून फार कमी आहे.

उलट मिठाचे पोते दहा वर्षे पडून राहिले, तरी ते मीठच राहते. जागेवर क्लोरीन तयार करण्याच्या पद्धतीचा सगळा आधार या साध्या गोष्टीवर आहे. लिटरला तीसेक ग्रॅम मिठाचे पाणी टायटॅनियमच्या पत्र्यांमधून सोडायचे, एकदिश प्रवाह द्यायचा, आणि दुसऱ्या टोकाने पाऊण टक्क्याच्या आसपास सोडियम हायपोक्लोराइट असलेले द्रावण घ्यायचे. इथे मधले पटल नाही. धनाग्रावरचा क्लोरीन आणि ऋणाग्रावरचा कॉस्टिक यांना मुद्दामच एकमेकांत मिसळू दिले जाते. त्यामुळे अब्जात वीस भागांची ती जीवघेणी शुद्धता लागत नाही, क्लोरीन वायूरूपात बाहेर येत नाही, तो दाबावा, साठवावा वा टँकरने न्यावा लागत नाही. मोठ्या कारखान्याला मोठे करणारा सगळा लवाजमाच इथे गळून पडतो. मोठ्या पल्ल्याचे गणित बिघडते तेही इथेच, हे कबूल करायला हवे: एक किलो क्लोरीनसाठी या पद्धतीत सुमारे पाच युनिट वीज आणि तीन ते साडेतीन किलो मीठ जाते, म्हणजे कारखान्यात एका किलो क्लोरीनमागे जाते त्याच्या जवळपास दुप्पट, आणि कारखान्याला त्या विजेत कॉस्टिकही मिळतो. रसायन विकणाऱ्याला हा सौदा कधीच परवडणार नाही. पाणी पिणाऱ्याला परवडतो का, हे पाहू.

जलजीवन मिशनने माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. तीन हजार वस्तीच्या गावाला १ लाख ६५ हजार लिटर लागेल. क्लोरीनची मागणी पाण्यागणिक बदलते, पण लिटरला दोन मिलिग्रॅम धरले, तर गावाला दिवसाला ३३० ग्रॅम क्लोरीन पुरतो. त्यासाठी किलोभराहून जरासे जास्त मीठ आणि दोन युनिटांच्या आत वीज लागेल. विजेची नासाडी दुप्पट असली, तरी ती एका युनिटाच्या आतली नासाडी आहे. हाच हिशेब सगळ्या ग्रामीण विदर्भाला लावला तर? २०११ च्या जनगणनेनुसार ही लोकसंख्या दीड कोटीच्या जवळ जाते. एवढ्या लोकांच्या पिण्याच्या पाण्याला दिवसाला सुमारे १,६५० किलो क्लोरीन लागेल. ज्या शंभर टनी कारखान्याची मागणी केली जाते, त्याच्या एका दिवसाच्या क्लोरीनमध्ये ग्रामीण विदर्भाचे पन्नासहून अधिक दिवसांचे पाणी शुद्ध होईल आणि उरलेल्या दिवसांच्या क्लोरीनला वाली नसेल. या दोन आकड्यांतले अंतर पाहिले, की कोणत्या मापाची यंत्रणा आपल्याला हवी याचे उत्तर वेगळे शोधावे लागत नाही.

तरीही हे यंत्र प्रत्येक ग्रामपंचायतीत बसवावे, असे मी म्हणणार नाही. गावोगावी बसवलेली पाणी शुद्धीकरणाची यंत्रे वर्ष-दोन वर्षांत कशी धूळ खात पडतात हे आपण पाहिले आहे, आणि वीजबिलाचे तर विचारूच नये. २०२२ च्या जुलैत मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलऱ्याने बळी घेतले. नळयोजनेची वीज थकबाकीपोटी तोडलेली होती आणि लोकांनी उघड्या विहिरीचे पाणी प्याले होते. ज्या ग्रामपंचायतीला पंपाचे बिल भरता येत नाही, तिच्यावर आणखी एका यंत्राचा भार टाकणे म्हणजे जबाबदारी झटकणे होय. म्हणून माप गावाच्या वरचे आणि जिल्ह्याच्या खालचे असावे. खारपाणपट्ट्यात धरणाचे पाणी दूरच्या गावांना पुरवणाऱ्या प्रादेशिक योजना आधीपासून आहेत. अकोला जिल्ह्यातली ८४ खेडी योजना त्यांतली एक. अशा योजनेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर यंत्र बसवायचे. लाखभर लोकांच्या योजनेला दिवसाला अकरा किलो क्लोरीन लागतो; त्यासाठी चाळीसेक किलो मीठ, पंचावन्न युनिट वीज, आणि तयार होणार सुमारे चौदाशे लिटर द्रावण. एवढी वीज पंधरा किलोवॉटच्या सौर संचातून निघते, आणि सूर्य असेल तेव्हा द्रावण करून टाकीत ठेवता येत असल्याने बॅटरीची गरज पडत नाही. तेच द्रावण प्राथमिक आरोग्य केंद्रांना आणि ग्रामीण रुग्णालयांना फरशी व उपकरणे पुसण्यासाठीही देता येईल. ते आज बाटल्यांतून विकत घेतले जाते.

प्रादेशिक योजनेत नसलेल्या, स्वतंत्र विहिरीवर चालणाऱ्या गावांचे काम थोडे कठीण आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पाऊण टक्क्याचे द्रावण म्हणजे बहुतांशी पाणीच. तीन हजारांच्या गावाला रोज चाळीसेक लिटर लागेल, म्हणजे आठवड्यातून दोनदा टेम्पोने ड्रम पोहोचवावे लागतील. बाजारात मिळणारे १०-१२ टक्क्यांचे तीव्र हायपोक्लोराइट न्यायला सोपे, हे खरे. पण जितके तीव्र तितके ते उन्हाळ्यात लवकर मरते, काही आठवड्यांत त्याचा जोर निम्म्यावर येतो, आणि आपण पुन्हा त्या सुतळी बांधलेल्या पोत्यापाशी येतो. मेळघाट, भामरागड, सिरोंचा अशा भागांत पावसाळ्यात टेम्पोही जाणार नाही. तिथे आश्रमशाळेच्या किंवा आरोग्य उपकेंद्राच्या छतावर सौरऊर्जेवरचा अगदी लहान संच ठेवणे आणि टीसीएलचा ताजा साठा राखीव ठेवणे, हेच सध्या करता येण्यासारखे आहे.

यंत्र बसवताना काही गोष्टी निविदेतच लिहून घेतल्या नाहीत, तर हा प्रयोगही धूळ खाईल. पटल नसले, तरी विदर्भातल्या जड पाण्याने ऋणाग्रावर चुन्याचा थर बसतोच. म्हणून मीठ विरघळवायचे पाणी मृदू करणारा संच आणि ठरावीक मुदतीने सौम्य आम्लाने धुण्याचे काम कंत्राटात हवे. मीठ स्वच्छ हवे. रस्त्यावर पसरून वाळवलेले मातकट मीठ चालणार नाही. दर किलो क्लोरीनमागे तीनशेहून अधिक लिटर हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो. तेव्हा खोलीच्या छतातून थेट बाहेर जाणारी नळी आणि वर उघडी जाळी याशिवाय यंत्र चालू करू नये. टायटॅनियमच्या पत्र्यांवरचा रुथेनियमचा लेप काही वर्षांनी झिजतो, तो पुन्हा चढवण्याचा खर्च पहिल्याच दिवशी धरायला हवा. तमिळनाडूतल्या कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेने या धनाग्रांवर पूर्वीच काम केले आहे आणि पाण्याची परीक्षा करायला ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था नागपुरात आहे. परदेशी तज्ज्ञ बोलावण्याचे कारण नाही. तालुक्याला रसायनशास्त्राचे दोन पदवीधर किंवा आयटीआय झालेले दोन तंत्रज्ञ कायम पगारावर नेमले, तर विदर्भाच्या १२० तालुक्यांत दोनशे चाळीस नोकऱ्या निघतात, आणि त्या एमआयडीसीच्या फाटकाबाहेर रांग लावून मिळणाऱ्या नसतात.

आणि पैसे कसे द्यायचे, हेही ठरले पाहिजे. सध्या पोती मोजून देयके निघतात. त्याऐवजी कंत्राटदाराचे देयक गावातल्या शेवटच्या नळाच्या ओटी चाचणीला बांधावे: टाकीपासून सर्वांत दूरच्या घरी, ग्रामसभेने निवडलेल्या दोन महिलांसमोर, आठवड्यातून एकदा नळी धरायची, आणि लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला तरच त्या आठवड्याचे पैसे सुटायचे. जलसुरक्षक या चाचण्या आजही करतात, नोंदवहीत लिहितात. त्या नोंदीचा देयकाशी संबंध जोडायला नवा कायदा लागत नाही, जिल्हा परिषदेचा एक ठराव पुरेसा आहे.